वाँटेजची पत्रे आणि अमेरिकेचा ग्रंथ : पंडिता रमाबाईंच्या परदेशवासाचे पुनर्वाचन

परदेशी राहून आलेल्या ख्रिस्ती माणसाचे लेखन आपल्याकडे बहुधा दोन साच्यांत पडते. पहिला साचा आभारप्रदर्शनाचा. तेथील मंडळ्यांचे आदरातिथ्य, उंच मनोऱ्यांची उपासनामंदिरे, थंडी, बर्फ, आणि अखेरीस सुखरूप परत आणल्याबद्दल देवाची स्तुती. दुसरा साचा हिरमोडाचा. ज्या देशांतून आपल्याकडे शुभवर्तमान आले त्याच देशांत रविवारी बाके रिकामी दिसतात, हे पाहून झालेला विषाद. दोन्ही साच्यांतील लेखक प्रामाणिक असू शकतो; पण त्या प्रदीर्घ वास्तव्यात त्याला स्वतःचे काही सोडावे लागले काय, आणि लोकांचा आग्रह असूनही काही सोडावयाचे त्याने नाकारले काय, हे त्या लेखनावरून कळत नाही. परदेशवासापासून शिकणे म्हणजे या दोन गोष्टींचा झगडा होय, असे आम्ही समजतो. मराठीत या झगड्याचा सर्वांत भरीव पुरावा पंडिता रमाबाईंनी मागे ठेवला आहे. तो एका ठिकाणी नाही आणि एका भाषेतही नाही, म्हणूनच तो अखंड असा क्वचितच वाचला जातो.

रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईस परतल्या. या सहा वर्षांविषयी चार प्रकारचे लेखन उपलब्ध आहे. प्रार्थनासमाजाचे सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले व त्याच वर्षी छापले गेलेले 'इंग्लंडचा प्रवास' हे पत्र. वाँटेज येथील धर्मभगिनी जेराल्डिन, चेल्टनहॅम येथील डोरोथिया बील आदींशी झालेला इंग्रजी पत्रव्यवहार, जो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. १८८९ साली निघालेला 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा मराठी ग्रंथ. आणि १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली त्यांची साक्ष. समाजसुधारणेचे अभ्यासक ग्रंथ वाचतात आणि साक्ष बाजूला ठेवतात. आपल्या मंडळ्यांतून साक्ष वाचली जाते, ग्रंथ सहसा कोणी उघडत नाही. पत्रे दोघांनाही अडचणीची वाटतात. चारही एकत्र वाचली तरच रमाबाई काय शिकल्या ते दिसते, हे प्रस्तुत लेखाचे म्हणणे.

आरंभी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण या पत्रिकेचे पुष्कळ वाचक महाराष्ट्राबाहेर मराठी बोलणारे आहेत. रमाबाईंचा जन्म १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात झाला. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. आईवडील १८७४ च्या दुष्काळात गेले, भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला, आणि पती बिपिनबिहारी दास १८८२ साली. त्यानंतरच रमाबाई पुण्यास आल्या. तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते. पुण्यात त्यांचा मुक्काम पडला तो जेमतेम वर्षभराचा. म्हणजे त्यांचे मराठी हे पुण्याच्या शाळेत घडलेले मराठी नव्हे. ते कानडी, हिंदी व बंगाली मुलुखांतून आईच्या तोंडून जपून आणलेले मराठी आहे. परक्या मुलुखात राहून आपले काय ते राखावे, ही विद्या त्यांना वाँटेजला नव्याने शिकावी लागली नाही.

वाँटेज हे त्या काळी बर्कशायर परगण्यात मोडणारे लहानसे गाव. तेथील धर्मभगिनींचा संघ १८४८ साली स्थापन झालेला, इंग्लंडच्या ख्रिस्तसभेतील उच्चमतवादी चळवळीच्या छायेत वाढलेला. त्यांची शाखा पुण्यात असल्यामुळे रमाबाईंची ओळख तेथेच झाली होती. वैद्यक शिकावे हा इंग्लंडला जाण्याचा मूळ हेतू. पण कान मंद होत चालल्यामुळे तो मार्ग बंद झाला. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली. आणि त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. या घटना इतक्या जवळजवळ आहेत की, त्यांपैकी एकीवरून दुसरीचे कारण ठरवण्याचा मोह चरित्रकारांना आवरत नाही. आम्हांला तो मोह नसावा. रमाबाईंनी स्वतः जे कारण सांगितले आहे ते निराळे आणि अधिक विचार करण्याजोगे आहे.

साक्षीत त्या लिहितात ते लंडनच्या फुलम भागातील एका आश्रमाविषयी. वाँटेजच्या धर्मभगिनी तेथे ज्यांना समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिले अशा स्त्रियांमध्ये काम करीत. त्या स्त्रियांचे पालटलेले आयुष्य रमाबाईंनी पाहिले, आणि ख्रिस्ती लोक हे का करतात असे विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. धर्मशास्त्रे मुखोद्गत असलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिलेल्या बाईंना एका कथेने हलवावे, यात नवल ते काय? नवल क्रमात आहे. आधी काम दिसले, मग प्रश्न आला, मग वचन. नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने त्यांच्या बौद्धिक शंका पुष्कळ अंशी फेडल्या हे खरेच. पण फुलमचा आश्रम दिसला नसता तर ते लेखन एका पंडिताने दुसऱ्या पंडिताला दिलेले उत्तर ठरले असते, असे आम्हांस वाटते.

येथपर्यंतची कथा आपल्या मंडळ्यांत सांगितली जाते. पुढची सांगितली जात नाही. बाप्तिस्म्यानंतरच्या तीन वर्षांतील पत्रे म्हणजे आज्ञाधारकपणा या विषयावरचा एक प्रदीर्घ, कित्येकदा कडवट वाद आहे. एका पंथाचे मत समग्र ख्रिस्ती धर्म म्हणून स्वीकारावे हे रमाबाईंना मान्य नव्हते. ब्राह्मण उपाध्यायांचे जू मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेण्यास आपण तयार नाही, हा त्यांचा पवित्रा होता. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी शंका काढल्या, अथनासिअसच्या मतांगीकारातील शापवचने त्यांना खटकली, आणि मनोरमेला काय शिकवावे हे आई ठरवील, संघ नव्हे, असा आग्रह त्यांनी धरला. आपले शाकाहारी जेवण सोडले नाही. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांकडून हरकत आली, की यामुळे मायदेशी त्यांच्या कार्यास बाध येईल. ज्या बाईने हिंदुस्थानभर पुरुषांच्या सभांतून संस्कृतात भाषणे केली तिला हिंदुस्थानच्या चालीरीती इंग्रज बिशपांनी शिकवाव्यात, यातील विनोद रमाबाईंच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नाही. त्यांचा राग त्या पत्रांत अजून जिवंत आहे.

यांत लहान पण अर्थपूर्ण वाद क्रुसाचा. संघाकडून मिळालेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती संस्कृत का नसावीत, असा रमाबाईंचा प्रश्न होता. लॅटिन आपल्याला येत नाही, आपल्या देशबांधवांनाही येत नाही. मग न कळणाऱ्या भाषेचा मान तो काय म्हणून राखावयाचा? जेराल्डिनबाईंना यात अहंकार दिसला. पत्रांच्या संकलनातही त्यांनी रमाबाईंच्या गर्वाविषयी खेद नोंदवला आहे.

या ठिकाणी टीकाकाराने सावध राहावयास हवे. अलीकडच्या पुष्कळ लेखनात जेराल्डिनबाई म्हणजे साम्राज्याची वहाण आणि रमाबाई म्हणजे बंडाचे निशाण, अशी सोयीची विभागणी झाली आहे. पत्रे तसे सांगत नाहीत. ज्या संघाने आश्रय दिला, अन्न दिले, लेकीची काळजी वाहिली त्या संघातील धर्ममाता या नात्याने जेराल्डिनबाई लिहितात, आणि त्यांना खरोखर वाटते की आपली धर्मकन्या पाखंडाच्या वाटेला लागली आहे. त्यांचे भय खोटे नव्हते. त्रैक्याविषयी १८८५ च्या सुमारास रमाबाईंनी घेतलेली भूमिका ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी जुळत नाही, आणि आम्ही ती जुळवून दाखवणार नाही. परंतु भय खरे असले म्हणजे आज्ञा योग्य ठरतेच असे नव्हे. रमाबाई मताचे प्रमाण मागत होत्या आणि त्यांना अधिकाराचे प्रमाण दिले जात होते. धर्मज्ञानाच्या विद्यार्थ्यांना या दोहोंतील फरक शिकवण्यासाठी ही पत्रे अभ्यासक्रमात लावावीत, इतकी ती मोलाची आहेत. रमाबाईंचा एक गुण मात्र सर्वांत मोठा: त्या वाद घालतात, पण उपकार विसरत नाहीत, उपकार मानतात, पण त्यांच्या बदल्यात सदसद्विवेक देऊन टाकीत नाहीत. परदेशी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या आपल्या तरुणांना यापैकी पहिला अर्धा भाग आपण वारंवार शिकवतो.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेला निघाल्या. निमित्त नात्यातल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयात तो समारंभ ११ मार्च रोजी झाला; आनंदीबाई पुढच्याच वर्षी वारल्या. काही महिन्यांसाठी गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, १८८७ साली 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. त्याच वर्षअखेर बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्यांच्या विधवागृहास दहा वर्षे वर्गणी देण्याचे त्याने मान्य केले.

त्या वास्तव्याचा मराठी ग्रंथ आता पाहू. नावातला क्रम बोलका आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. मराठीतील प्रवासवर्णनांत प्रवासी पुढे आणि देश मागे असतो. येथे जलप्रवासाची हकीकत आटोपली की लेखिका बाजूला होते आणि राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ व परोपकार, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम अशी प्रकरणे लागतात. भाषा साधी, वाक्ये मराठी वळणाची, संस्कृत शब्द जेथे लागतो तेथेच. न पाहिलेल्या संस्थेचे वर्णन न पाहिलेल्या वाचकाला करावयाचे म्हणजे काय, हे शिकण्यासाठी कोणाही लेखकाने हा ग्रंथ वाचावा. २००३ या एकाच वर्षी अमेरिकेत त्याची दोन इंग्रजी भाषांतरे निघाली, मीरा कोसंबी यांचे एक आणि रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांनी संपादिलेले दुसरे. आपल्या मंडळ्यांत मात्र 'रमाबाईंनी अमेरिकेवर पुस्तक लिहिले' हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

हे पुस्तक धर्मांतराची हकीकत सांगण्यासाठी लिहिलेले नाही. मुख्यत्वे हिंदू वाचकाला समोर ठेवून ते लिहिले आहे. त्यामुळे काही ख्रिस्ती वाचकांना ते कोमट वाटते. आम्हांला ते तसे वाटत नाही. वाँटेजला ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही त्याचे उत्तर या ग्रंथात आहे, फक्त ते धर्मज्ञानाच्या परिभाषेत नाही. प्रश्न असा होता की, वरून आलेल्या आज्ञेवाचून ख्रिस्ती माणसे एकत्र येऊन काम करू शकतात काय? अमेरिकेत रमाबाईंना स्त्रियांच्या सभा दिसल्या. त्यांत प्रमुख म्हणजे १८७४ साली स्थापन झालेला आणि फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखाली वाढलेला ख्रिस्ती स्त्रियांचा मद्यपाननिषेधक संघ. घरकाम उरकून आलेल्या साध्या बायका अध्यक्ष निवडतात, वर्गणी गोळा करतात, मतभेद असूनही काम पुढे नेतात, याचे वर्णन रमाबाई ज्या बारकाईने करतात ती कौतुकाची बारकाई नव्हे. कारखान्याचे यंत्र पाहून ते घरी उभारावयाचे आहे अशा माणसाची ती नजर आहे. पंथ अनेक, त्यांच्यातील तंटे अनेक, हे त्यांना दिसले. तरी परोपकाराच्या कामात ते पंथ शेजारी बसतात हेही दिसले. बोस्टनच्या असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स हे एपिस्कोपल, आणि विलर्ड मेथडिस्ट. वाँटेजला हे तिघे एका बाकावर बसले नसते.

वसाहतीच्या जोखडातून सुटलेले राष्ट्र म्हणून अमेरिकेकडे पाहण्याचा धागाही ग्रंथात आहे आणि इंग्रजी अमलाखालच्या वाचकाला तो न सांगताच कळावा अशी लेखिकेची अपेक्षा दिसते. तो येथे विस्ताराने घेत नाही.

ग्रंथाचा उणेपणा सांगितलाच पाहिजे. इंग्लंडकडे पाहताना जी धारदार दृष्टी रमाबाईंनी वापरली ती अमेरिकेकडे पाहताना पुष्कळदा मऊ होते. मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय त्या नोंदवतात, गुलामगिरीचा इतिहास सांगतात, वर्णद्वेष आणि जातिभेद यांचे नाते त्यांना दिसते. हे त्या काळच्या हिंदी प्रवाशात दुर्मिळच. पण गुलामगिरी संपल्याच्या आनंदापुढे पुढची गोष्ट तितकी ठसत नाही. दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांना मिळालेले हक्क १८७७ नंतर एकेक करून काढून घेतले जात होते. समान वागणुकीचा १८७५ चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८३ साली, म्हणजे रमाबाई इंग्लंडला निघाल्या त्याच वर्षी, रद्द ठरवला होता. ज्या विलर्डबाईंचा त्या गौरव करतात त्यांच्या कृष्णवर्णीयांविषयीच्या उद्गारांवर आयडा बी. वेल्स यांनी १८९४ साली इंग्लंडमध्ये जाहीर टीका केली. ते उद्गार ग्रंथानंतरचे आहेत, तेव्हा त्यांसाठी रमाबाईंना जाब विचारणे अन्यायाचे होईल. तरीही असे वाटते की, आपल्याला मदत देणाऱ्या समाजाचे वर्णन करताना लेखणी नकळत हलकी होते. आश्रितपणाचे मोल वाँटेजला त्यांनी ओळखले होते. बोस्टनला ते ओळखणे अवघड होते, कारण तेथे कोणी आज्ञा करीत नव्हते.

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे अभिवचन हा अमेरिकेच्या धड्याचाच भाग होता. तेथे कोणावर धर्म लादला जात नसे, पण रमाबाई स्वतः प्रार्थना करीत त्या खोलीचे दार त्यांनी बंद केले नाही. १८९३ साली त्यावरून वादळ झाले आणि रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही एवढेच नोंदवतो की, पाश्चात्य समाजातील स्वेच्छासंस्थेचा नमुना जसाच्या तसा पुण्यात उतरवता येईल, ही अपेक्षा ग्रंथात जितकी सोपी दिसते तितकी ती प्रत्यक्षात नव्हती. बोस्टनला पंथांतील भिंती ठेंगण्या होत्या. पुण्यात धर्म बदलणे म्हणजे घर, पंगत व स्मशान बदलणे होते.

आता साक्षीविषयी. १९०७ साली मागे वळून पाहताना रमाबाई लिहितात त्याचा आशय असा की, इंग्लंडात आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला, पण धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो गवसला नव्हता. ते १८९१ च्या सुमारास घडले. या वाक्याचा आपल्या उपदेशकांनी फार सढळ उपयोग केला आहे. त्याच्या आधारे वाँटेज व अमेरिका ही सहा वर्षे केवळ प्रस्तावना ठरवून पुसून टाकली जातात, आणि मग ती वादळी पत्रे वाचण्याची गरजच उरत नाही. साक्ष या प्रकाराचा धर्मच असा आहे की, तो आयुष्याला एक वळण देतो व अलीकडचे सगळे अंधारात ढकलतो. लेखिकेच्या अनुभवाचा आम्ही आदर करतो. तिच्या कालविभागणीला मात्र टीकाकाराने बांधील असू नये. फुलमच्या आश्रमात जी शमरोनी स्त्री भेटली तीच १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून केडगावला आणलेल्या मुलींच्या रूपाने पुन्हा भेटली. मधल्या काळात तिला कोणी पुसले नव्हते.

चेल्टनहॅमला रमाबाई संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित, विज्ञान व ग्रीक शिकत. त्या ग्रीकचा उपयोग पुढे झाला. केडगावला त्यांनी हिब्रूही हस्तगत केली आणि मूळ भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. खिळे जुळवणाऱ्या बायका मुक्तिसदनातल्याच. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या; भाषांतर १९२४ साली बाहेर आले. त्या भाषांतरात एक विलक्षण गोष्ट आहे. प्रचलित मराठी शास्त्रातले संस्कृतप्रचुर शब्द, विशेषतः ज्यांना हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येतो असे शब्द, त्यांनी कटाक्षाने टाळले. तरुणपणी क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या बाईंनी म्हातारपणी शास्त्रातून संस्कृत काढावी! काही अभ्यासक यास मतपरिवर्तन म्हणतात, आणि हिंदू संस्कारांशी त्यांनी शेवटचा संबंध तोडला असा त्याचा अर्थ लावतात. त्यात तथ्य नाही असे नाही. काही चांगले शब्द या भयापायी नाहक गेले आणि जागोजाग वाक्य ओबडधोबड झाले, हा दोष आम्हांलाही दिसतो. परंतु वाँटेजचे पत्र समोर ठेवून पाहावे. लॅटिनविरुद्ध त्यांची तक्रार ती परकी होती अशी नव्हती. आपल्या लोकांना ती कळत नाही अशी होती. केडगावच्या छापखान्यात ज्या बाया खिळे जुळवीत होत्या त्यांना संस्कृतही कळत नव्हती.